हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

तीन वाती कापून झाल्या होत्या. चौथीचं जळतं टोक कातळातल्या भोकात शिरताना मी पाहिलं आणि मग नुसता धूर. विहिरीचा खड्डा दोन पुरुष खोल, वर जायला एकच शिडी, आणि मी सत्तावन्न वर्षांची. सुरुंगवाला मला खालून ढकलत ओरडत होता, “चढा बाई, मांगं पाहू नका.” शिडीची पहिली पायरी धरली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा होता. अकरा. अकरा जोडी चपला मी थोड्या वेळापूर्वी मोजून आले होते.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. हा दिवस तेवढा सकाळपासून दुपारपर्यंत जसाच्या तसा आठवतो, म्हणून तोच लिहिते. नावं कुणाचीच देत नाही.

मी शिपाई म्हणून लागले तेव्हा प्राथमिक शाळेतल्या सातवीवर बायांना पोलिसात घेत. पुढे शिकले नाही. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना मी जमादार होते, म्हणजे हेडकॉन्स्टेबल, चिखली तालुक्यातल्या एका ठाण्यात. मे महिना होता. सकाळची हजेरी झाली होती, ठाणेदार साहेब बैठकीला बुलढाण्याला गेले होते, आणि ठाण्याचा कारभार एका नव्या फौजदाराकडे होता. पोरगा हुशार, पण पुण्याकडचा. आमची भाषा ऐकली की त्याच्या ओठाचा कोपरा हलायचा.

दहाच्या सुमारास एक म्हातारी आली. दोन बकऱ्या तिने फाटकाला बांधल्या आणि सरळ टेबलापुढे येऊन उभी राहिली. बारवेच्या आजूबाजूला बकऱ्या चारणारी बाई होती ती. म्हणाली, “सायेब, धुऱ्याचा दगड चालून राह्यला.”

धुरा म्हणजे शेताची हद्द. फौजदाराने पेन खाली ठेवलं. “कोणत्या दिशेने फरार झाला?” त्याने विचारलं. ठाणं हसलं. म्हातारी हसली नाही. “बारवीकडं,” ती म्हणाली. “माही बकरी त्याले आंग घासे. आता बकरी तिथंच जाते आन दगड नाई. दगड पार बारवीपाशी जाऊन उभा हाये. आन आज तिथं विहिरीत सुरुंग लावून राह्यले.”

सुरुंग हा शब्द ऐकून मी उठले.

ही बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, काळ्या दगडाची, गावाबाहेर. सरकारने ती संरक्षित स्मारक म्हणून घेतलेली. त्यासाठी जो कायदा आहे तो मी बंदोबस्ताला जाऊन जाऊन पाठ केला होता. स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत खोदायचं नाही, बांधायचं नाही. त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी घेऊनच. आता यातली मेख अशी की हे शंभर मीटर बारवेच्या भिंतीपासून मोजत नाहीत. ठरवलेल्या हद्दीपासून मोजतात. आणि शेतात हद्द म्हणजे काय, तर मोजणीदाराने रोवलेला दगड. कागद कितीही पक्का असो, तो जिल्ह्याच्या कपाटात असतो. जमिनीवर उभा असतो तो दगड.

बारवेच्या पूर्वेला एका मोठ्या बागाईतदाराचं शेत. त्यातली एक पट्टी सरकारने बारवेच्या हद्दीसाठी भूसंपादनात घेतली होती. नोटीस निघाली, हरकती ऐकल्या, मोजणी झाली, मोबदला त्याने सही करून घेतला. पण त्या पट्टीत त्याची जुनी विहीर गेली. मागे संत्र्याची बाग उभी आणि पाणी नाही. पाणाड्याने शेतभर फिरून एकच जागा दाखवली, आणि ती नेमकी शंभर मीटरच्या आत. परवानगीचा अर्ज फेटाळला गेला. हे सगळं तालुक्याला माहीत होतं. नंतर त्याने विहीर सुरू केली तेव्हा लोकांना वाटलं, जागा बदलून परवानगी मिळवली असेल.

फौजदार म्हणाला, नकाशा मागवू, दोन दिवसांत येईल. मी म्हटलं, सुरुंग दोन दिवस थांबणार नाही. त्याने खांदे उडवले आणि जाऊन या म्हणाला. मी स्टेशन डायरीत नोंद केली, म्हातारीला जीपमध्ये घेतलं, बकऱ्याही घ्याव्या लागल्या, आणि सोबतीला गाडी चालवणारा एक शिपाई. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, काम आलं की बसून राहणारा. त्याच्यावर त्या दिवसापर्यंत माझा काडीचा विश्वास नव्हता.

बागाईतदार आमची वाट पाहत असल्यासारखा उभा होता. पांढरा सदरा, हातात टेप. “या जमादारबाई,” तो म्हणाला. “चोरं सोडून आता दगडं धराले लागले का पोलीस?” मी हसले नाही, रागावलेही नाही. जो माणूस पोलीस येण्याआधीच टेप घेऊन उभा राहतो, त्याच्याशी कमी बोलावं. मोजा म्हटलं. शिपायाने एक टोक दगडावर धरलं, मी दुसरं विहिरीच्या खड्ड्यापर्यंत नेलं. टेप लहान होता, तीन वेळा धरावा लागला. एकशे चार मीटर.

इथे माझ्याकडून चूक झाली. मी मोठ्याने बोलले, मोजमाप बरोबर आहे, आणि वहीत आकडा लिहून त्याची सही घेतली. मला वाटलं, पुरावा करून ठेवते आहे. त्याने ते ऐकलं आणि त्याचा वेगळाच अर्थ घेतला. खड्ड्यात सुरुंगवाला भोकं भरत होता. त्याला मी वरून सांगितलं, माझं काम होईपर्यंत काही पेटवू नका. तो हो म्हणाला. लेखी हुकूम माझ्याजवळ नव्हता.

बारवेत गाळ काढायला मजूर बाया लावल्या होत्या, महिनाभर काम चालू होतं. मुकादमाला विचारलं, बाया कुठे आहेत? तो एकटाच झाडाखाली भाकर खात होता. म्हणाला, जेवायला गेल्या. मीही तेवढ्यावर राहिले. ही माझी दुसरी चूक. जेवायला कुठे गेल्या, हे मी विचारलं नाही.

मग मी दगडापाशी जाऊन बसले. म्हातारीचं खुरपं घेतलं आणि दगडाच्या बुडाशी उकरलं. एक वीत, दोन वीत. साधी माती. दगड हलवला आहे हे मला तिथेच कळलं.

कसं, ते सांगते. माझे वडील मोजणीवाल्यांच्या मागे साखळी ओढायला जायचे. आमच्या भागात हद्दीचा दगड रोवताना खाली खड्ड्यात कोळसा आणि खापराचे तुकडे टाकतात. लाकूड कुजतं, हाड कुजतं, कोळसा कुजत नाही. दगड कुणी उपटला तरी कोळसा जागा सांगतो. नवे मोजणीदार हे करत नाहीत, पण त्यांच्याबरोबरची गावची म्हातारी माणसं न सांगता करतात. आणि कोळशाला कुणी हात लावत नाही. दगड ढकलणारे मी पुष्कळ पाहिले, खालचा कोळसा उकरणारा एकही नाही. वंश बुडतो म्हणतात. मी असलं मानत नाही. पण समोरचा मानतो का, हे पोलिसाला माहीत असलं पाहिजे.

म्हणजे कोळसा अजून जागेवर असणार. पण ती जागा कुठे? म्हातारी हाताने दाखवत होती, “तिकडं, बाभळीपाशी.” बाभूळ कापलेली, बुंधा काढलेला. जमीन सरकारची झाली तरी कुंपणाची तार आली नव्हती, आणि मालकाचा नांगर तिच्यावर फिरतच होता. सगळी पट्टी नांगरून ढेकळं केलेली. डोंगराएवढ्या शेतात मूठभर कोळसा शोधायचा.

मी उभी आडवी चालत राहिले. ऊन डोक्यावर आलं होतं. बागाईतदार लांबून पाहत होता. ऐंशीनव्वद पावलांवर मी थांबले. नांगरटीच्या मध्ये सुपाएवढा एक तुकडा नांगरलेलाच नव्हता. चारी बाजूंनी नांगराचे तास त्याच्यापर्यंत येऊन वळले होते. तुकड्यावर नारळाची करवंटी पडली होती आणि मातीत कुंकू मिसळलेलं. देव नाही, दगड नाही, समाधी नाही. कोऱ्या जमिनीला कुणी नारळ फोडत नाही.

नांगर चालवणारा सालदार बांधावर बैलांना पाणी दाखवत होता. वर्षाच्या करारावर राबणारा गडी, माझ्याच वयाचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. चौकशी करताना समोरच्याला उभं ठेवून आपण बसायचं, असं आम्हाला शिकवलेलं. मी कधी तसं केलं नाही. शेजारी बसलं की माणूस लपवून लवकर थकतो. आधी बैलांचं विचारलं, मग वाहीचं, म्हणजे नांगरटीचं.

“भाऊ, वाही तुम्हीच केली?”

“हाव.”

“मंग तेवढा तुकडा काऊन सोडला?”

“नांगर उचलला असंल.”

“कोनासाठी उचलला?”

त्याने बादली उचलून दुसऱ्या बैलापुढे ठेवली. मी घाई केली नाही. मग म्हटलं, “नारळ फोडून माफी मांगतली ना, भाऊ. मंग आता सांगाले काय भेता.”

त्याचे डोळे भरले नाहीत की हात जोडले नाहीत. त्याला उलट हलकं वाटलं असावं, कारण तो एकदम बोलायला लागला. “बाई, मी हुकमाचा मानूस. मालक म्हने दगड उचल, उचलला. चौघं होतो. बाकीच्याले विचारा. पन खालच्याले मी हात नाई लावला. नांगर बी नाई लावला. लेकरंबाळं हायेत मले.”

“खाली काय हाये?”

“तुमाले मालूम हाये.”

मी खुरपं घेऊन धावतच परत आले. वीतभर उकरलं आणि काळं लागलं. कोळशाचे बोटभर तुकडे, लाल खापरं, एका मडक्याचा काठ. सालदार वर उभा होता, त्याने टोपी काढली. शिपायाने तिथून खड्ड्यापर्यंत टेप धरला आणि मला ओरडून आकडा सांगितला. एक्केचाळीस मीटर.

मला सांगायला लाज नाही, त्या क्षणी मला फार आनंद झाला. चौतीस वर्षांची नोकरी, आणि एका खुरप्याने केस उघडली होती. म्हातारीला म्हटलं, मावशी, तुमचा दगड सापडला. ती बकरीला थोपटत म्हणाली, “म्या तं सकाळीच सांगतलं. पन सरकारनं इतक्या दूर धुरा काऊन आनला, सांगू? खालून भुयार येते इथवर. बारवीचं. माह्या सासऱ्यानं पाह्यलं होतं, मंग गाळानं बुजलं.”

“आता?”

“आता मोकळं झालं ना. या बाया तेच तं काढून राह्यल्या. दुपारची भाकर बी तिथंच खातेत. अंदर थंड राह्यते.”

तेवढ्यात खड्ड्याकडून शिट्टी झाली. एक लांब शिट्टी, सुरुंगवाल्याचा पहिला इशारा. मी पाहिलं, बागाईतदार खड्ड्याच्या काठावर उभा राहून हात हलवत होता. त्याने सुरुंगवाल्याला सांगितलं होतं की पोलिसांनी मोजून बरोबर म्हटलं, सही झाली, पेटव. माझंच वाक्य.

मी बारवेकडे पळाले, शिपाई मागून. वरच्या पायरीवर चपला होत्या. बारवेत साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं आहे, त्यामुळे कुणी चपला घालून उतरत नाही. रबरी, प्लास्टिकच्या, एकीच्या तारेने शिवलेल्या. मी बोट लावून मोजल्या. अकरा जोड्या. वरून हाक मारली. खाली कमानीचं काळं तोंड दिसत होतं आणि माझाच आवाज परत येत होता. भुयार साठेक मीटर लांब, वाकून चालायचं, पायाखाली गाळ. वरची शिट्टी आत जाणं शक्यच नव्हतं.

दुसरी शिट्टी झाली. म्हणजे वात पेटली.

मी शिपायाला एवढंच म्हटलं, “बायांना काढ.” तो पोट सुटलेला माणूस बूट न काढता, एकाआड एक पायरी गाळत खाली गेला. मी खड्ड्याकडे निघाले. ढेकळांतून शंभर मीटर. साडीचा काच्या मारायला वेळ नव्हता, मी पदर खोचला आणि पळाले. खुरपं हातातच राहिलं होतं, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

सुरुंगवाला लिंबाच्या झाडामागे दडून बसला होता. जळगाव जामोदकडचा, वाळका, कामाचा माणूस. मी ओरडले, भुयारात अकरा बाया आहेत. तो म्हणाला, “जेवाले गेल्या म्हने ना?” मी म्हटलं, तिथेच जेवतात. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठला. माझ्या पुढे धावत तो खड्ड्यात उतरला. मी मागोमाग. मला कुणी उतरायला सांगितलं नव्हतं. पण वाती चार होत्या आणि त्याच्याजवळ काहीच नव्हतं, धार माझ्या हातात होती.

“जळते त्याच्या पुढं कापा,” तो म्हणाला. पहिली मी कातळावर ठेवून खुरप्याने तोडली. बोथट खुरपं, दोनदा मारावं लागलं. दुसरी त्याने धरली, मी तोडली. तिसरीही. चौथी त्याने आधी पेटवलेली, सगळ्यांत पुढे गेलेली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती भोकात होती.

बाकीचं वर लिहिलंच आहे. मी काठावर पोटावर पडले. त्याचा एक पाय अजून शिडीवर होता. आवाज झाला तो मला कानाने नाही, छातीने ऐकू आला. वरून दगड, माती, शिडीचे तुकडे. त्यानंतर किती वेळ गेला माहीत नाही. डोकं वर केलं तर बारवेकडून धुळीचा एक लोट जमिनीतून वर येत होता, जिथे ना चूल होती ना वाट.

एका सुरुंगाने भुयाराच्या टोकाकडचे छताचे दोन दगड खाली आले. बायांचे डबे तिथेच राहिले होते, ते त्या दगडांखाली पत्र्यासारखे सपाट झालेले मी नंतर पंचनाम्यात लिहिले. अकरा डबे. चार सुरुंगांनी काय झालं असतं, ते लिहायला पंचनाम्यात रकाना नसतो.

संध्याकाळी ठाणेदार साहेब स्वतः आले. फौजदार त्यांच्या मागे उभा होता. त्याचा ओठ त्या दिवशी हलला नाही. त्याने म्हातारीचा जबाब स्वतःच्या हाताने लिहून घेतला आणि “दगड चालून राह्यला” हे तिचे शब्द तसेच ठेवले. हद्दीची खूण हलवणं, मनाई असलेल्या भागात खोदणं, हयगयीने सुरुंग उडवणं, अशी कलमं लागली. कोळसा आणि खापरं मी कापडात बांधून लाखेचं सील करून जप्त केली. ठाण्यातल्या मुद्देमालात चोरीचे दागिने, चाकू असतात. कोळशाची पुडी पहिल्यांदाच आली.

बागाईतदार चौकशीत खोटं फार बोलला नाही. तो म्हणाला, भुयार हातभर असेल असं वाटलं, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. रिकाम्या शेतात सरकार हद्द काय म्हणून टाकतं? माझी विहीर घेतली, दुसरी खोदू देत नाही, झाडं मी डोळ्यांदेखत वाळू द्यायची का? मला त्याचं पटलं नाही, पण समजलं. त्याने दाद मागायला हवी होती. विहिरीची वेगळी भरपाई मागता येत होती, जागेची फेरतपासणी मागता येत होती. तो मार्ग लांबचा होता. दगड चौघांनी एका सकाळी हलतो.

कोर्टात त्याच्या वकिलाने मला माझं शिक्षण विचारलं. सातवी, म्हटलं. मग तो म्हणाला, कोळसा काय कुठल्याही चुलीत सापडतो. तोवर जिल्ह्याहून नकाशा आला होता. मोजणीदाराने कोर्टाच्या हुकमाने पुन्हा मोजलं. नकाशातली हद्द आणि कोळशाची जागा यांत वीतभराचा फरक निघाला नाही. सालदाराने साक्ष फिरवली नाही. त्याचं साल गेलं, पुढे त्याला त्याच बारवेवर कामाला घेतलं. बागाईतदाराला शिक्षा झाली. किती ते लिहीत नाही, तो अजून गावात आहे.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. कायदा मीटरात लिहितात, ते बरोबरच आहे. पण कागदावरची रेघ जमिनीत कुठे आहे हे ज्याच्या पायाला माहीत असतं, त्याला आधी विचारावं. ती म्हातारी ठाण्यात आली नसती तर माझा एकशे चारचा आकडा वहीत अगदी बरोबर राहिला असता. आणि पोलिसाने कुणासमोर “बरोबर आहे” हे शब्द बोलण्याआधी दहादा थांबावं. ते शब्द माझे होते, आणि त्यांच्यावर वात पेटली.

त्या दुपारी सुरुंग उडाला तेव्हा खड्ड्याच्या तोंडाशी दोघं होतो आणि बारवेत, भुयाराच्या तोंडाकडे पळत, बारा जण. सुरुंगवाल्याचा पाय मोडला, तो काठी घेऊन चालतो. माझा डावा कान गेला. शिपाई शेवटच्या बाईला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढला, तिला काही झालं नाही, तो महिनाभर कंबर धरून होता. अकरा बाया, शिपाई, सुरुंगवाला आणि मी. चौदाही जण वाचलो.